कांचेवरचा पाठ

पाणिनीय शिक्षा या लहानशा ग्रंथांत वाईट पाठ म्हणणारांचे सहा प्रकार सांगितले आहेत. गाण्यासारखा सूर लावणारा, घाई करणारा, डोकें हालविणारा, लिहिलेलें पाहून म्हणणारा, अर्थ न जाणणारा आणि ज्याचा आवाज क्षीण आहे असा. हे ते सहा अधम पाठक होत. मास्तरकीच्या तीस-बत्तीस वर्षांत आम्हीं ही यादी किती मुलांना ऐकविली असेल याची गणती नाहीं. त्यांतील चौथ्या प्रकारावर आमचा विशेष रोष असे. सुभाषित म्हणतांना ज्याची नजर पुस्तकाकडे वळली त्यानें तास संपेपर्यंत उभें राहावें, असा आमच्या वर्गाचा दंडक होता. आज साठी उलटल्यावर त्याच चौथ्या प्रकारांत आमची गणना होण्याची वेळ आली. ती हकीकत, आणि तिच्या अनुषंगानें एका यंत्राच्या निवडीचा विचार, या महिन्यांत वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

प्रसंग असा. औंढा नागनाथ हें आमचें गांव. बारा ज्योतिर्लिंगांपैकीं आठवें म्हणून ज्याची प्रसिद्धि आहे त्या नागनाथाच्या छायेंत आमचें आयुष्य गेलें. नातवंडें मात्र परदेशीं वाढत आहेत. त्यांना आपलें गांव, देऊळ, घरांत म्हटलें जाणारें शिवमहिम्न स्तोत्र आणि त्याचा अर्थ हें सारें आजोबांच्या तोंडून ऐकावयास मिळावें, म्हणून बारा भागांची एक चित्रमालिका करावी असें चिरंजीवांनीं सुचविलें. आमचा एक जुना विद्यार्थी हिंगोलीस लहानसा स्टुडिओ चालवितो. लग्नमुंजींचें चित्रीकरण हा त्याचा मुख्य व्यवसाय. परंतु त्यानें हें काम मोठ्या आनंदानें अंगावर घेतलें.

गतवर्षीं श्रावणांत पहिली बैठक झाली. आम्ही कपाळीं भस्म लावून कॅमेऱ्यापुढें बसलों. पहिले सोळा श्लोक निर्विघ्न पार पडले आणि सतराव्यास आम्ही अडलों. चाळीस वर्षें रोज सकाळीं म्हटलेला श्लोक ओठांपर्यंत येऊन परत गेला. पुन्हां आरंभ केला. पुन्हां तेथेंच अडलों. तेव्हां विद्यार्थी म्हणाला, “गुरुजी, जरा थांबावें लागेल. बॅटरी बदलतों.” बॅटरी भरलेली होती हें यंत्रावरील हिरव्या खुणेवरून आम्हांस दिसत होतें. त्यानें आमची लाज राखली, इतकेंच.

चहा घेतांना तो हळूच म्हणाला, “गुरुजींना राग येणार नसेल तर एक टेलिप्रॉम्प्टर घेऊं या. अक्षरें समोरच्या कांचेवर दिसतील. पाहणाराला तीं दिसणार नाहींत.” राग आलाच. याच मुलाला आठवींत असतांना तळहातांत चिठ्ठी लपविल्याबद्दल आम्हीं तासभर उभें केलें होतें. दोन दिवस आम्ही त्या विषयावर कोणाशीं बोललों नाहीं. तिसऱ्या दिवशीं सौभाग्यवतींनीं विचारलें, “चष्मा लावतांना लाज वाटली नाहीं, मग याचीच कशी वाटते?” या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तेव्हां आम्ही त्या यंत्राची माहिती करून घेण्याच्या मागें लागलों.

हें यंत्र अमेरिकेंत १९५० च्या सुमारास निघालें. फ्रेड बार्टन या नटाची कल्पना, अर्व्हिंग कान यांचा उत्साह आणि ह्यूबर्ट श्लाफ्ली या अभियंत्याचें कौशल्य यांचें तें फळ. आरंभीं कागदाच्या गुंडाळीवर मोठ्या अक्षरांत पाठ लिहून ती मोटारीनें फिरवीत आणि कॅमेऱ्याशेजारीं ठेवीत. १९५२ सालीं तेथील पक्षपरिषदांतून भाषणांसाठींहि त्याचा उपयोग झाला. पुढें जेस ऑपेनहायमर या निर्मात्यानें अक्षरें कांचेवर पाडून ती कांच थेट भिंगापुढें बसविण्याची युक्ति योजिली. टेलिप्रॉम्प्टर हें मुळांत एका कंपनीचें नांव. विलायतेंत रूढ असलेलें ऑटोक्यू हें नांवहि तसेंच.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. ज्यांना त्या काळच्या बातम्या आठवतात, त्यांना निवेदकाची हातांतील कागदाकडे जाणारी आणि पुन्हां वर येणारी नजरहि आठवत असेल. ती नजर प्रामाणिक होती. हा मनुष्य वाचत आहे हें ऐकणाराला ठाऊक असे. कांचेवरून वाचणारा मात्र आपण वाचत नाहीं असें भासवितो. आमच्या मनाला खरी बोचणी होती ती हीच, आणि तिचा विचार आम्ही शेवटीं करणार आहों.

यंत्राची रचना सोपी आहे. भिंगापुढें ४५ अंशांत तिरपी कांच असते आणि तिच्या खालीं आकाशाकडे तोंड करून एक पडदा असतो. पडद्यावरील अक्षरें कांचेवर उमटून बोलणाराच्या डोळ्यांकडे जातात. बोलणाराचा चेहरा कांचेतून आरपार भिंगाकडे जातो. भिंगाभोंवतीं काळें कापड असल्यामुळें कांचेमागें अंधार राहतो आणि अक्षरें उठून दिसतात. १८६२ सालीं लंडनमध्यें पेपर या अध्यापकांनीं रंगभूमीवर जें भूत दाखविलें तें अशाच तिरप्या कांचेच्या बळावर. इतकें दूर कशाला जावें? आमच्या औंढा तालुक्यांतच लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हावयाची आहे. तिच्यासाठीं केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें २,६०० कोटि रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन भुजांत लेसरचा किरण वांटून द्यावयाचा तो असल्याच जातीच्या, अर्धा प्रकाश सोडणाऱ्या आणि अर्धा परतविणाऱ्या आरशानें. एकच युक्ति कोणी विश्वाचा कानोसा घेण्यासाठीं वापरतो, तर कोणी म्हातारपणची विस्मृति झांकण्यासाठीं!

येथवर समजल्यावर आम्हीं घाई केली आणि एका दुकानांतून टॅब्लेट बसविण्याचा अगदीं स्वस्त संच आणविला. त्याची कांच साधी होती. साध्या कांचेचे दोन्ही पृष्ठभाग थोडा थोडा प्रकाश परतवितात, त्यामुळें प्रत्येक अक्षराला एक फिकें जुळें अक्षर चिकटलेलें दिसे. टॅब्लेट दहा इंची असल्यामुळें वाचतां यावें म्हणून आम्ही जेमतेम मीटरभर अंतरावर बसलों. चित्रण झालें, पाठ एकदांहि चुकला नाहीं, आणि आम्हीं समाधानानें तें नातीकडे पाठविलें. दुसऱ्या दिवशीं दूरध्वनीवर ती म्हणाली, “आजोबा, तुम्ही कोणाकडे पाहत होतां? माझ्याकडे नव्हतां पाहत.” आठ वर्षांच्या पोरीनें जें एका वाक्यांत सांगितलें, तेंच या यंत्राच्या परीक्षेचें सूत्र होय. ऐकणाराला आपल्याकडे पाहिल्यासारखें वाटलें पाहिजे. बाकीचे सारे गुण याच्या सेवेसाठीं.

तेव्हां पहिला विचार अंतराचा. शाळेंत घालीत असूं तसा एक हिशेब येथें घालतों. ओळीची रुंदी २० सेंटिमीटर आणि अंतर एक मीटर असेल, तर ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातांना डोळा सुमारें ११ अंशांतून फिरतो. तेंच अंतर तीन मीटर केलें तर चार अंशांहूनहि कमी. अकरा अंशांची हालचाल मुलांनाहि कळते; चार अंशांची बहुधा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मात्र लांब गेल्यावर अक्षर मोठें हवें. निर्दोष नजरेला तीन मीटरांवरून साडेचार मिलिमीटर उंचीचें अक्षर जेमतेम ओळखूं येतें. पण ओळखणें वेगळें आणि बोलतां बोलतां वाचणें वेगळें. त्यासाठीं त्याच्या चौपट-पांचपट, म्हणजे सुमारें दोन सेंटिमीटर उंचीचें अक्षर धरावें. मग ओळींत तीन-चार शब्दच मावतात, आणि तसेंच असावें. दोन्ही बाजूंस मोकळी जागा सोडून मधोमध अरुंद पाठ ठेवावा. या कामाला पंधरा ते सतरा इंचांचा पडदा लागतो. स्टुडिओंत पांच-सहा मीटरांवर उभें राहावयाचें असेल तर त्याहून मोठा. बोलणारा दूर गेला म्हणून चेहरा लहान दिसूं नये यासाठीं अधिक लांबीचें भिंग लावावें. तें यंत्रालाहि सोयीचें, कारण फार रुंद दृष्टीच्या भिंगांत कांचेच्या चौकटीच्या कडा चित्रांत शिरतात.

चष्मेवाल्या वाचकांस एक सूचना. बायफोकल चष्म्याचा खालचा भाग पुस्तकासाठीं आणि वरचा लांबच्यासाठीं असतो. कांच डोळ्यांच्या रेषेहून उंच किंवा खालीं राहिली तर योग्य भाग शोधतांना हनुवटी वरखालीं होते, आणि शिक्षाकारांचा तिसरा, डोकें हालविणारा पाठक तयार होतो. म्हणून दुकानांत जातांना नेहमींचा चष्मा लावून जावें, आणि आपण बसतों त्या उंचीवर बसूनच यंत्र पाहावें.

दुसरा विचार कांचेचा. या कामासाठीं एका बाजूवर पातळ लेप दिलेली खास कांच मिळते. सत्तर टक्के प्रकाश आरपार सोडणारी आणि तीस टक्के परतविणारी, अथवा साठ-चाळीस प्रमाणाची, अशा तिच्या सामान्य जाती आहेत. तीस टक्के प्रकाश गमावला म्हणजे कॅमेऱ्याच्या भाषेंत सुमारें अर्धा स्टॉप गेला; तेवढे दिवे वाढवावे किंवा भिंगाचें तोंड तेवढें उघडावें. प्लॅस्टिकच्या पत्र्यावर ओरखडे लवकर पडतात, तो टाळावा. लेपाच्या बाजूला बोट लावूं नये, आणि धोतराच्या सोग्यानें ती कांच कदापि पुसूं नये. आम्हीं पुसली, म्हणून सांगतों.

तिसरा विचार तेजाचा, आणि येथें स्टुडिओ व बाहेरचें चित्रण यांच्या वाटा वेगळ्या होतात. पडद्याचें तेज निट या मापानें मोजतात. घरांत किंवा स्टुडिओंत २५० ते ४०० निटांचा पडदा पुरतो. पण बाहेर उन्हांत तेवढ्या तेजाचीं अक्षरें पार बुडून जातात. तेथें १,००० निट किंवा त्याहून अधिक हवे. कांच त्यांतले तीसच टक्के आपणांकडे धाडते हें विसरूं नये. म्हणजे हजारांचे तीनशेंच उरतात.

चौथा विचार वजनाचा आणि विजेचा. पडदा, चौकट, कांच आणि कॅमेरा मिळून सहा ते दहा किलो भार सहज होतो, आणि त्यांतला बराचसा पुढच्या बाजूस असतो. तिपाई किती भार पेलते हें आधीं पाहावें, आणि कॅमेरा पुढेंमागें सरकवून तोल साधण्याची पट्टी संचांत आहे काय तें विचारावें. नाहींतर सारा डोलारा तोंडघशीं पडावयाचा. स्टुडिओंत भिंतींतील वीज असते. बाहेर बॅटरीवाचून गति नाहीं. पडदा ३० वॅट खात असेल आणि बॅटरी ९५ वॅट-तासांची असेल, तर ती तीन तास चालेल, असा साधा भागाकार करून दोन बॅटऱ्या जवळ बाळगाव्या. स्टुडिओंत संगणक दूरच्या खोलींत ठेवावयाचा असेल तर लांब अंतरावर टिकणारी एसडीआय तार जोडतां येईल असा पडदा घ्यावा. जवळच्या जवळ एचडीएमआय पुरे होते. ज्याला क्वचित्, एकट्यानें आणि गांवोगांव फिरून काम करावयाचें, त्यानें चांगल्या कांचेचा, मोठ्या टॅब्लेटचा हलका संच घ्यावा. दीड-दोन मीटरांवर बसावें आणि ओळ आणखी अरुंद ठेवावी. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

पांचवा विचार आपल्या लिपीचा. विकणारा हा विषय सहसा काढीत नाहीं. कांचेवर अक्षर सुलट दिसावें म्हणून पडद्यावर तें आरशांतल्यासारखें उलटें दाखवावें लागतें. रोमन अक्षरें हें सोंग सहज घेतात. देवनागरींत मात्र कांहीं आज्ञावल्या जोडाक्षरें मोडतात, वेलांट्या भलत्याच अक्षराला लावतात आणि शिरोरेषा तोडतात. म्हणून जातांना आपला मजकूर युनिकोडमध्यें घेऊन जावा, आणि त्यांत ‘वाङ्मय’, ‘उद्ध्वस्त’, ‘कर्तृत्व’, ‘हृदय’ असे चार-सहा कठीण शब्द मुद्दाम घालावे. जुन्या टंकांत जुळविलेला मजकूर अशा यंत्रावर बहुधा वाचतां येत नाहीं. तो आधीं बदलून घ्यावा. दोन ओळींत अंतर भरपूर असावें, नाहींतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला भिडतो. आंकडे अक्षरांत लिहावे, लांब समास योजकचिन्हानें तोडावे आणि श्वास जेथें घ्यावयाचा तेथें ओळ संपवावी.

सहावा आणि शेवटचा विचार माणसाचा. पाठ पुढें सरकविणारा हात शहाणा हवा. कीर्तनांत मृदंगी जसा बुवांच्या मागें जातो तसें यंत्रानें बोलणाराच्या मागें जावें. बोलणाराच यंत्रामागें धांवूं लागला कीं शिक्षाकारांचा दुसरा, घाई करणारा पाठक जन्मास आला. आवाज ऐकून आपोआप ओळ सरकविणाऱ्या आज्ञावल्याहि निघाल्या आहेत. त्यांना आपली मराठी आणि संस्कृत कितपत समजते हें पैसे देण्यापूर्वीं आपल्याच तोंडानें पडताळून घ्यावें. आमच्या बैठकींत तें काम सूनबाईंनीं केलें. आम्ही थांबलों कीं त्या थांबत. एवढा समजूतदारपणा अद्याप आम्हांस कोणत्याहि यंत्रांत आढळला नाहीं.

या सहा कसोट्या लावून विद्यार्थ्यानें स्टुडिओसाठीं सतरा इंची, भरपूर तेजाच्या पडद्याचा संच घेतला. खर्च त्याचा, “लग्नांतल्या निवेदनाला उपयोगी पडेल, गुरुजी,” असें म्हणून त्यानें आमचें बोलणें थांबविलें. त्या संचावर देवळाच्या माहितीचा भाग चित्रित करण्यासाठीं देवस्थानची परवानगी घेऊन आम्ही थंडीच्या एका सकाळीं आवारांत गेलों. गाभारा भूमीखालीं, उतरण्याची वाट अरुंद. तेथें यंत्र नेण्याचा प्रश्नच नव्हता. बाहेर काळ्या दगडांतील हेमाडपंती कोरीव काम पाठीशीं घेऊन बसलों. ऊन पडद्यावर उतरूं लागतांच कोणी छत्री धरली. वाऱ्यानें कांचेचें शीड होऊं नये म्हणून तिपाईच्या पायांशीं वाळूच्या पिशव्या ठेविल्या.

नामदेवांना पुढच्या दारीं कीर्तन करूं दिलें नाहीं, ते मागच्या बाजूस गेले, तेव्हां देऊळच त्यांच्याकडे वळलें, अशी आमच्या गांवची कथा आहे. नंदी समोर नाहीं त्याचें कारणहि लोक हेंच सांगतात. ही कथा कांचेवर लिहिलेली होती. परंतु आम्हीं ती लहानपणीं आजीच्या मांडीवर ऐकलेली. सांगूं लागलों आणि दोन ओळींनंतर कांचेवरील अक्षरांची आठवणच राहिली नाहीं. सूनबाईंनीं पाठ तेथेंच थांबवून ठेविला. कथा संपल्यावर सनावळी आली, तेव्हां तो पुन्हां चालूं लागला.

त्या दिवशीं मनाची बोचणी गेली. शिक्षाकारांनीं लिहिलेलें पाहून म्हणणाराला दोष दिला, पण लगेच त्याच्या पाठीशीं अर्थ न जाणणाराला बसविलें आहे. आमच्या मतें या दोघांत दुसराच अधिक दोषी. जें आपलें नाहीं, आपल्याला कळलें नाहीं, तें कांचेवरून म्हणणें ही फसवणूक. जें जन्मभर आपलें होतें आणि वयामुळें हातून निसटत आहे, त्याला कांचेचा आधार देणें ही फसवणूक नव्हे. तरीहि स्तोत्रापुरता आम्हीं एक नियम केला. प्रत्येक श्लोकाचा फक्त पहिला चरण कांचेवर लिहावा. उरलेले तीन स्मरणांतून यावे. गद्य विवेचन मात्र पूर्ण लिहावें, आणि भागाच्या आरंभींच सांगून टाकावें कीं, आजोबा आतां विसरतात, म्हणून समोर लिहून ठेविलें आहे.

सतरावा श्लोक त्या दिवशीं न अडखळतां झाला. चित्रण पाहून नात म्हणाली, “आतां माझ्याकडे पाहतां, आजोबा.”

सामान आवरतांना आम्ही विद्यार्थ्याला म्हणालों, “आठवींत तुला उभें केलें तें चुकलें म्हणत नाहीं, पण त्या दिवशीं तुझी अडचण आम्हीं विचारली नाहीं.” तो कांच फडक्यांत गुंडाळीत होता. हंसून म्हणाला, “गुरुजी, त्या चिठ्ठीचा कांहीं उपयोग झालाच नव्हता. अक्षर फार बारीक होतें.”